४३७ मेगाहर्ट्झवर टीव्ही : बँडपास फिल्टर पीएच्या (पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या) आधी लावू की नंतर?

शाहूपुरी_४३७

रामराम मंडळी. गेले पाच महिने मी कोल्हापुरात शाहूपुरीतनं आणि माझा एक दोस्त इचलकरंजीतनं, असं दोघांनी मिळून हौशी रेडिओवर डिजिटल टीव्ही चालवलाय. दोघांकडं जनरल ग्रेडचा परवाना आहे. माझ्याकडं लॅपटॉप, त्याला प्लुटो (संगणकावर चालणारा छोटा ट्रान्समीटर), पुढं दोन टप्प्यांचा ड्रायव्हर, मग २० वॅटचा पीए मॉड्यूल आणि गच्चीवर यागी अँटेना. ४३७ मेगाहर्ट्झ, ३३३ किलोसिंबल, डीव्हीबी-एस२ (उपग्रह टीव्हीची पद्धत), क्यूपीएसके मॉड्युलेशन. त्याच्याकडं मिनिटायूनर रिसीव्हर.

आता अडचण सांगतो. ६-७ वॅटवर चित्र मस्त येतंय. १० च्या पुढं गेलो की अडकतंय, चौकटी चौकटी पडतात, आवाज जातो. पॉवर वाढवली की चित्र बिघडतंय हे कसं काय, मला कळंना झालंय. घरातल्या डोंगलवर (यूएसबीचा छोटा रिसीव्हर) बघितलं तर सिग्नलच्या दोन्ही बाजूला खांदे आलेत, म्हणजे शक्ती कडेला सांडतीय, शिवाय ८७४ ला आणि १३११ ला हार्मोनिक (दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीचे नको असलेले सिग्नल) असे उभे आहेत की मूळ सिग्नलच्या खालोखाल तेच. आणि खालच्या मजल्यावरच्या काकांची तक्रार वेगळीच, माझा सेट चालू असला की त्यांच्या गाडीचं रिमोट चालत नाही म्हणतात.

मी ठरवलंय की चारी दुखण्यावर एकच औषध, बँडपास फिल्टर, म्हणजे ठरलेला पट्टा तेवढाच जाऊ देणारा. सिग्नल ४५० किलोहर्ट्झचा आहे, म्हणजे १ मेगाहर्ट्झ रुंदीचा केला की झालं. आता तो पीएच्या आधी लावू की नंतर? आणि उद्यमनगरात, आपल्या कारखान्यांच्या वस्तीत, कोण करून देईल का?

तांबडा_रस्सा

पीएच्या नंतर. हार्मोनिक पीएमध्ये तयार होतात, आधी लावून काय उपयोग.

पुणेकर_हॅम

कृपा करून १ मेगाहर्ट्झचा फिल्टर करू नका, आधी हिशोब बघा. फिल्टर जितका अरुंद तितका तोटा जास्त. मधली फ्रिक्वेन्सी भागिले रुंदी, भागिले रेझोनेटरचा, म्हणजे फिल्टरमधल्या धातूच्या रॉडचा, क्यू (गुणवत्तेचं माप), गुणिले ४.३४, आणि तीन रॉडच्या नेहमीच्या चेबिशेव्ह फिल्टरला अजून गुणिले साधारण ३.२, एवढे डीबी जातात. क्यू १००० धरू (घरगुती कामात एवढा मिळाला तर चांगलंच म्हणायचं). १ मेगाहर्ट्झ रुंदीला ४३७ भागिले १ म्हणजे ४३७, तोटा ६ डीबीच्या वर. २० वॅट आत घातलेत तर ५ वॅट बाहेर, उरलेले १५ वॅट त्या डब्यात उष्णता होऊन बसणार. ४ मेगाहर्ट्झ रुंदी घेतली तर तोटा दीड डीबी, बाहेर १४ वॅट. १० मेगाहर्ट्झ घेतली तर ०.६ डीबी, बाहेर साडेसतरा.

शिवाय डबा तापला की रॉड लांबतात आणि फ्रिक्वेन्सी खाली सरकते. पितळ एका अंशाला लाखात साधारण दोन भाग वाढतं, म्हणजे ३० अंश तापमान वाढलं तर ४३७ वर पाव मेगाहर्ट्झ. १० मेगाहर्ट्झच्या फिल्टरला त्याचं काही वाटत नाही. १ मेगाहर्ट्झचा असेल तर तुमचा सिग्नल फिल्टरच्या कडेला जाऊन बसेल.

आणि मुख्य मुद्दा. खांदे सिग्नलला चिकटून असतात, दोनचारशे किलोहर्ट्झवर. तुमचा १ मेगाहर्ट्झचा फिल्टरसुद्धा त्यांना कापणार नाही, कारण ते फिल्टरच्या आतच येतात. खांदे कमी करायचा एकच रस्ता म्हणजे पीएला कमी पिळणं. मॉड्यूलवर २० वॅट लिहिलंय ते बहुधा पार दाबून काढलेले २० आहेत. डिजिटल टीव्हीला त्याच्या ५-६ डीबी खाली चालवा.

शाहूपुरी_४३७

५-६ डीबी खाली म्हणजे ५-६ वॅट झाले की! २० वॅटचा मॉड्यूल घेऊन ५ वॅट वापरायचे? पैसे काय कमी मोजलेत का त्याला.

पुणेकर_हॅम

हो, ५ वॅट वापरायचे. २० वॅट शुद्ध हवे असतील तर ८० वॅटचा पीए घ्यायचा. डीव्हीबी-टी असतं तर याहूनही जास्त खाली यावं लागलं असतं.

सिग्नलवाले_काका

पुणेकरांचं खांद्यांबद्दलचं म्हणणं सोळा आणे खरं, पण त्यातनं चित्र अडकण्याचं कोडं सुटत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही का? डीव्हीबी-एस ही पद्धत मुळात उपग्रहासाठी बांधलेली. उपग्रहावरच्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरला जवळजवळ पूर्ण दाबून चालवतात, म्हणून तर क्यूपीएसके निवडलं. पीए दाबला की खांदे येतील, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवाल्याला त्रास होईल, पण समोरच्याला चित्र मिळायला हवं. तीन-चतुर्थांश एफईसीला (चूकदुरुस्तीचं प्रमाण) ४ डीबीच्या आसपास एमईआर (सिग्नल किती स्वच्छ त्याचं माप) असला तरी डीव्हीबी-एस२ चं क्यूपीएसके उघडतंय. दाबलेला पीएसुद्धा त्याच्यापेक्षा किती तरी चांगला असतो. म्हणून १० वॅटच्या पुढं चित्र फुटतंय त्याचं कारण दुसरं आहे. माझा संशय दोन गोष्टींवर. एक, सप्लाय बसतोय, म्हणजे व्होल्टेज पडतंय. दोन, तुझाच आरएफ (रेडिओ सिग्नल) परत तुझ्या प्लुटोत शिरतोय. प्लुटोचा डबा प्लास्टिकचा, यूएसबी केबल टेबलावर मोकळी, आणि पीए शेजारी उघडा असणार. बरोबर का नाही सांग.

अरुंद फिल्टरचा माझा अनुभव सांगतो, लांबेल जरा. डिजिटल यायच्या आधी आम्ही १२८० वर एफएम टीव्ही करायचो. जुने अ‍ॅनालॉग सॅटेलाइट रिसीव्हर आठवतात का, त्यांचं इनपुट ९५० मेगाहर्ट्झपासून सुरू व्हायचं आणि आत एफएम व्हिडिओचा डिमॉड्युलेटर असायचा. म्हणजे आपल्या १२६० ते १३०० च्या बँडला काही बदल न करता आयता रिसीव्हर. अँटेना लावा, प्रीअँप लावा, चित्र बघा. मी तेव्हा हौसेनं अगदी टोकदार फिल्टर केला, ८ मेगाहर्ट्झचा. स्क्रीनवर चित्र आलं, पण रंग गेले, कडांना ठिपके, आवाजात घरघर. दोन आठवडे मी कॅमेऱ्याला दोष देत होतो. कारण साधं होतं. एफएम टीव्हीला १८-२० मेगाहर्ट्झ जागा लागते, डेव्हिएशन साडेतीन धरा, आवाजाचा सबकॅरियर साडेपाच, दोन्हीची बेरीज करून दुप्पट करा. पालचा रंग ४.४३ वर, आवाज त्याच्या पुढं, म्हणजे फिल्टरनं कडा खाल्ल्या की पहिला बळी आवाज आणि रंगाचा. फिल्टर १८ चा केला आणि त्याच कॅमेऱ्यातनं लाल जास्वंद लाल दिसायला लागली.

गडहिंग्लजचा_गडी

काका, जास्वंदीचा फोटो असला तर टाका.

उद्यमनगरकर

करून मिळेल की, आपलं लेथ आहे. ४३७ ला पाव तरंगलांबी १७.१५ सेंटिमीटर. इंटरडिजिटल करायचा तर तीन रॉड, एकाआड एक उलट्या बाजूनं बसवायचे, एकाचं टोक वरच्या भिंतीला, पुढच्याचं खालच्या. रॉड साधारण १६ सेंटिमीटरचे ठेवायचे, उरलेलं समोरचा स्क्रू भरून काढतो. रुंदी रॉडमधल्या अंतरावर ठरते, जवळ आणले की फिल्टर रुंद, लांब नेले की अरुंद. म्हणून पहिल्याच दिवशी भोकं पाडून मोकळं व्हायचं नाही, खाचा ठेवायच्या आणि नॅनोव्हीएनए (फिल्टर मापायचं छोटं यंत्र) लावून सरकवत बघायचं. ४३७ ला साधा नॅनोव्हीएनए चालतो. १२८० ला त्याच्यावर विश्वास ठेवू नका, पहिलं मॉडेल ९०० पर्यंतचंच आहे आणि ३०० च्या वर ते हार्मोनिकवर चालतंय.

भरीव रॉडची गरज नाही, नळी चालते. करंट कातडीवरनंच जातो, ४३७ ला तांब्यात तीन मायक्रॉनपर्यंत. तांब्याची नळी एसी दुरुस्तीवाल्याकडं मिळते. पितळ छान कापलं जातं, पण तांब्याच्या पाव-तीसटक्केच वाहतं, त्यामुळं क्यू जवळपास निम्मा होतो.

तांबडा_रस्सा

मग चांदीचा मुलामा द्यायचा, आपली हुपरी कशाला आहे! अख्ख्या देशाला चांदीचे दागिने तिथनं जातात.

उद्यमनगरकर

दिलाय की, म्हणून सांगतो. पहिल्यांदा मी १२८० च्या फिल्टरचे पितळी रॉड घेऊन हुपरीला गेलो. कारागीर रॉड उलटसुलट करून बघतोय, शेवटी विचारलं, हे पैंजणाचं आहे का देवळाच्या झुंबराचं. त्याला सांगितलं रेडिओचं आहे, त्यानं मनापासनं चकाचक करून दिलं, आरशात तोंड बघावं असं. घरी येऊन लावलं तर तोटा आधीपेक्षा वाढलेला!

दागिन्याच्या कामात चांदीच्या खाली निकेलचा थर मारतात, चमक टिकावी म्हणून, आणि वर चांदी अगदी पातळ. दागिन्याला ते बरोबर आहे, त्याच्या कामात काही खोट नाही. पण १२८० ला करंट दोन मायक्रॉनपर्यंत खोल जातो, चांदी एक मायक्रॉनसुद्धा नसली तर करंट निकेलमध्ये वाहतो, आणि निकेल चुंबकीय, तिथंच सगळा तोटा. दुसऱ्यांदा त्याला बसवून समजावलं, निकेल नको, पितळावर तांबं आणि त्यावर चांदी, दहा मायक्रॉन. चमक नसली तरी चालेल. ते रॉड आजतागायत चालू आहेत, काळे पडलेत थोडे पण तोटा वाढलेला नाही.

अंतराळवेडी

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. फिल्टर आधी की नंतर हे नंतर बघू, पण मुळात ४३७ का निवडलं? ४३५ ते ४३८ हा हौशी उपग्रहांचा पट्टा आहे. विद्यार्थ्यांनी केलेले कितीतरी छोटे उपग्रह ४३७ च्या आसपास बोलतात, अर्धा वॅट, एक वॅट, तेही शेकडो किलोमीटरवरनं. मी रंकाळ्याच्या बाजूला गच्चीवर हातात यागी धरून ते ऐकायला उभा राहतो, पास, म्हणजे उपग्रह दिसायचा वेळ, दहा मिनिटांचा. त्यात तुमचे खांदे आले की माझा पास गेला. परदेशात पुष्कळजण ४३७ वर डिजिटल टीव्ही करतात हे मला माहिताय, पण त्यांचा बँड ४३० पासून आहे, आपला ४३४ ते ४३८ एवढाच. उपग्रह सोडून आपल्याला ४३४ ते ४३५ हा एक मेगाहर्ट्झच उरतो, आणि ३३३ किलोसिंबलचा सिग्नल त्यात आरामात बसतोय.

शाहूपुरी_४३७

ताई, राग कशाला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. परदेशातली मांडणी बघून ४३७ घेतलं. ४३४.६ ला गेलो तर?

अंतराळवेडी

४३४.६ म्हणजे ४३४.३७५ ते ४३४.८२५. झकास. फक्त खांदे खाली ठेवा, खाली ४३४ ला आपला बँड संपतो.

गडहिंग्लजचा_गडी

पण मग गाडीच्या रिमोटचं काय? रिमोट ४३३.९२ वर असतात. ४३४.६ ला आलात म्हणजे खालच्या काकांच्या अजून जवळ सरकलात की.

सिग्नलवाले_काका

बरोबर पकडलंस. पण फिल्टरनं तो प्रश्न सुटणारच नाही, ४३७ ला असताही सुटला नसता. रिमोटच्या फ्रिक्वेन्सीवर याचा काही सिग्नल सांडत असेल तर तो आधी थांबवायचा, त्याला ड्राइव्ह कमी करणं हाच उपाय. पण बहुतेक वेळा तसं नसतं. गाडीतला रिसीव्हर स्वस्तातला, त्याचं दार सताड उघडं, जवळ कुठलाही ताकदवान सिग्नल आला की त्याला रिमोट ऐकू येत नाही. फिल्टर लावायचा झाला तर गाडीत लावावा लागेल, आणि ते काही होत नाही. खाली जाऊन काकांशी बोल. नीट समजावून सांग, चालू करायच्या वेळा ठरवा, अँटेनाची दिशा पार्किंगवरनं जाते का बघ. माझ्या गल्लीत हाच प्रकार झाला होता. मी शेजाऱ्यांना घरी बोलावून पडद्यावर त्यांचंच चित्र दाखवलं, नातवाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, तेव्हापासनं तेच विचारतात आज टीव्ही लावणार का म्हणून.

बेळगावहून

हार्मोनिक बघून घाबरायच्या आधी एक चाचणी करा. डोंगलचा एडीसी ८ बिटचा, त्याची झेप ५० डीबीच्या आत. टेबलावर २० वॅटचा पीए आणि शेजारी डोंगल, म्हणजे डोंगल आतनं चेंगरलेला आहे, तो स्वतःच हार्मोनिक तयार करतोय. खरं-खोटं ओळखायची युक्ती अशी की मधे १० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर घाला. हार्मोनिक खरा असेल तर तोही १० डीबीच खाली येईल. मापणाऱ्या यंत्रानं तयार केलेला असेल तर दुसरा हार्मोनिक २० नं पडतो, तिसरा ३० नं. अँटेनातनं बघू नका, डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) लावा, कपलर किंवा मोठा अ‍ॅटेन्युएटर घ्या आणि केबलनं मापा. टायनीएसए (स्पेक्ट्रम बघायचं छोटं यंत्र) असेल तर पहिल्या मॉडेलचं वरच्या बँडचं इनपुट उघडं आहे, त्यात प्रतिमा सिग्नल दिसतात, तेही लक्षात ठेवा.

आम्ही इथं क्यूओ-१०० वर असतो. २६ अंश पूर्वेचा कतारचा उपग्रह, नोव्हेंबर २०१८ ला गेला, फेब्रुवारी २०१९ पासनं हौशी लोकांना खुला. कोल्हापुरातनंही सुंदर दिसतो, पश्चिमेच्या जरा दक्षिणेला, क्षितिजापासनं ३२ अंशांवर. टीव्हीची वाट वर २४०१.५ ते २४०९.५ आणि खाली १०४९१ ते १०४९९. इंग्लंडातल्या गूनहिलीच्या डिशवरचा स्पेक्ट्रम ब्राउझरमध्ये दिसतो, त्यामुळं तुमचे खांदे तुमच्याआधी सगळं जग बघतं. बीकनपेक्षा (उपग्रहावरच्या खुणेच्या सिग्नलपेक्षा) निदान १ डीबी खाली राहायचं हा तिथला शिरस्ता. त्या उपग्रहावर मी खांदे कमी करायला शिकलो, आणि फिल्टरनं नाही, ड्राइव्ह कमी करून.

एलएनबीचा (डिशच्या तोंडाशी बसतो तो, फ्रिक्वेन्सी खाली उतरवणारा) एलओ, म्हणजे आतला ऑसिलेटर, ९७५० धरला तर टीव्हीचा पट्टा ७४१ ते ७४९ ला उतरतो, आणि ७०३ ते ७४८ हा मोबाईल हँडसेटचा पाठवायचा पट्टा आहे. केबलचं शिल्डिंग नीट नसलं आणि शेजारी कुणी त्या पट्ट्यावर बोलत असलं तर चित्र अडकू शकतंय. मी तिथं ७४५ चा छोटा फिल्टर लावला होता, पण हँडसेट त्याच पट्ट्यात असल्यावर फिल्टर काय करणार. शेवटी केबल बदलली, चांगले कनेक्टर लावले.

पुणेकर_हॅम

अगदी. आत आलेल्या पाहुण्याला फिल्टर दारात थांबवू शकत नाही.

गडहिंग्लजचा_गडी

माझं एक म्हणणं. हार्मोनिकसाठी एवढा रॉड-बिड, चांदी-बिंदी खटाटोप कशाला? साधा लो-पास करा, तीन गुंडाळ्या अन चार कपॅसिटर, तोटा ०.२-०.३ डीबी. ८७४ पण जाईल अन १३११ पण.

उद्यमनगरकर

लो-पास खालचं काही अडवत नाही भावा. प्लुटोतनं, ड्रायव्हरमधनं खालच्या बाजूला काय काय निघतंय ते कोण थांबवणार? आणि रिसीव्ह करताना एफएम स्टेशनं, ८८ ते १०८, ती सरळ आत येतात. बँडपास दोन्हीकडं उपयोगी.

सिग्नलवाले_काका

दोघांचंही अर्धं बरोबर. उद्यमनगरकर, तुमच्या पाव तरंगलांबीच्या रॉडला एक खोड आहे ती सांगा की. पाव तरंगलांबीचा रेझोनेटर तिप्पट फ्रिक्वेन्सीला परत जागा होतो. ४३७ चा फिल्टर १३११ च्या आसपास पुन्हा दार उघडतो, आणि तिसरा हार्मोनिक नेमका तिथंच! स्क्रूच्या कपॅसिटन्समुळं ते दार जरा वर सरकतं, पण भरवसा नाही. रॉड आखूड करून सगळे एकाच बाजूनं बसवले आणि मोठा कपॅसिटर दिला, म्हणजे कॉम्बलाइन केला, तर ते दार लांब जातं. नाहीतर बँडपासच्या पाठीमागं गडहिंग्लजचा लो-पास लावायचा. ८७४ चं मात्र हयगय नको. ८६९ ते ८८९ हा मोबाईल टॉवरनं हँडसेटशी बोलायचा पट्टा आहे. तिथं आपला दुसरा हार्मोनिक जाणं म्हणजे लोकांच्या फोनमध्ये आपण ढवळाढवळ करणं. ४३४.६ ला आलं तरी दुप्पट ८६९.२, त्याच पट्ट्यात.

उद्यमनगरकर

मान्य काका. माझ्या १२८० ला तिप्पट ३८४० येतं, तिथं बघायला यंत्रच नव्हतं, म्हणून कधी लक्षात आलं नाही. याचा कॉम्बलाइनच करू.

इचल_करंजी

मी तो समोरचा दोस्त. माझ्या बाजूचं पण ऐका. आमच्या बिल्डिंगच्या शेजारी टॉवर आलाय, ८०-९० फुटांवर. मास्टला एलएनए (रिसीव्हचा कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर) लावला की चित्र जास्त खराब, काढला की बरं. उलटं कसं?

बेळगावहून

एलएनए टॉवरच्या सिग्नलनं चेंगरतोय. फिल्टर एलएनएच्या आधी लावा.

तांबडा_रस्सा

पण एलएनएच्या आधी काहीही लावलं की नॉईज फिगर (रिसीव्हरनं स्वतः घातलेला गोंगाट) वाढते, असं सगळीकडं लिहिलेलं असतं.

अंतराळवेडी

वाढते, पण कुठं आणि किती ते बघा. ०.६ डीबीचा फिल्टर आधी लावला तर नॉईज फिगर ०.६ नं वाढते. माझी अँटेना आकाशाकडं, थंड आकाशात, मला ते ०.६ फार महाग पडतात, म्हणून मी अगदी हलका फिल्टर आधी आणि टोकदार नंतर असं करतो. तुमची यागी क्षितिजाकडं, समोर उबदार जमीन, तिथं ०.६ डीबी गेले म्हणजे ०.६ च गेले. टॉवरनं चेंगरलेल्या एलएनएपेक्षा किती तरी स्वस्त. तुमच्यासाठी रुंद, कमी तोट्याचा फिल्टर, एलएनएच्या आधी, आणि डबा मास्टवर असेल तर खालच्या बाजूला पाणी जायला बारीक भोक ठेवा, आपल्याकडचा पाऊस माहिताय.

पुणेकर_हॅम

एक पुरवणी. फिल्टर बँडच्या बाहेरची शक्ती गिळत नाही, परत पाठवतो. पीएला तो बँडबाहेर शॉर्ट किंवा ओपन दिसतो, काही मॉड्यूल त्यानं बिथरतात आणि स्वतःच शिट्टी घालायला लागतात. पीए आणि फिल्टर यांच्यामधली केबल थोडी लांब-आखूड करून बघा. आणि फिल्टर नॅनोव्हीएनएवर जुळवला म्हणून थेट पूर्ण पॉवर देऊ नका, रॉडच्या मोकळ्या टोकाला व्होल्टेज फार असतं, स्क्रू आणि रॉडमधे फट बारीक असेल तर ठिणगी पडते.

शाहूपुरी_४३७

मंडळी, तीन आठवडे गायब होतो, आता एकेक सांगतो.

पहिलं, अ‍ॅटेन्युएटर. १० डीबी घातला तर १३११ चा तिसरा हार्मोनिक ३० नं पडला, म्हणजे तो जवळपास सगळा डोंगलच्या पोटातला. ८७४ चा मात्र १२-१३ नं पडला, म्हणजे बराचसा खरा.

दुसरं, चित्र अडकायचं. काकांचा दुसरा संशय खरा निघाला. सप्लाय मापला, १३.८ चा १३.५ होतोय, ठीक आहे. मग प्लुटो आईच्या जुन्या जर्मनच्या डब्यात घातला, झाकणाला भोक पाडून कनेक्टर बसवले, यूएसबी केबलला दोन्ही टोकांना फेराइट, आणि पीए टेबलावरनं हलवून कपाटामागं नेला. १५ वॅटला पण चित्र अडकत नाही! पाच महिने मी पीएला शिव्या देत होतो. आईला दुसरा डबा आणून दिलाय, मोठा.

तिसरं, खांदे. १५ वॅटला चित्र चालतंय पण खांदे तसेच, म्हणून ६ वॅटवर आलो. इचलकरंजीत एमईआर ११ येतोय, एवढं पुरेसं आहे. ताईंना त्रास होणार नाही अशा ४३४.६ ला हललो.

चौथं, फिल्टर. उद्यमनगरकरांनी रविवारी लेथवर उभं राहून कॉम्बलाइन करून दिला, तांब्याच्या नळ्या, १० मेगाहर्ट्झ रुंद, पैसे घेतले नाहीत, मिसळ खाल्ली फक्त. तोटा ०.८ आला, मागं गडहिंग्लजचा लो-पास. ८७४, म्हणजे आता ८६९.२, डोंगलवर दिसायचा बंद झाला, अ‍ॅटेन्युएटर कमी करून पण बघितलं. दोन्ही पीएच्या नंतरच लावलेत, तांबडा रस्सा पहिल्या ओळीतच बरोबर होते.

उद्यमनगरकर

०.८ च्या ०.६ करू. कनेक्टरच्या मधल्या तारेची जागा अजून दोन मिलिमीटर वर हवी, पुढच्या रविवारी घेऊन या.

इचल_करंजी

माझा पण त्याच मापाचा करा दादा, मास्टवरचा. टॉवर रात्रंदिवस चालूच आहे.

सिग्नलवाले_काका

आणि खालच्या काकांचं रिमोट?

शाहूपुरी_४३७

गेलो होतो काका, घरी बोलावलं, चित्र दाखवलं. ६ वॅट आणि नवी जागा झाल्यापासनं रिमोट गाडीजवळ गेलं की चालतंय, लांबनं नाही. ते म्हणाले मी दोन पावलं पुढं जातो, तू संध्याकाळी सात ते आठ चालू ठेव, बाकी वेळ बंद. तसं ठरलंय. आता त्यांना जोतिबाच्या डोंगरावरनं चित्र बघायचंय.

अंतराळवेडी

जोतिबावरनं सगळीकडं मोकळी नजर. कधी जाताय? मी बॅटरी आणि मास्ट आणतो.

तांबडा_रस्सा

खेटे (जोतिबाच्या रविवारच्या वाऱ्या) संपल्यावर जाऊ, गर्दीत मास्ट उभा करायला जागा मिळणार नाही. कॅमेरा माझ्याकडं आहे.

शाहूपुरी_४३७

मग खेटे संपल्यावरचा पहिला रविवार, सकाळी सहाला बिंदू चौकात. इचलकरंजीवाला घरी रिसीव्हरवर बसेल, बेळगावहून तुम्ही पण अँटेना इकडं फिरवून बघा, ४३४.६, ३३३, तीन-चतुर्थांश.